गेटवर ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण कारवाई टिकवायची कशी? (सांगली-मिरज-कुपवाड)

कुपवाड_एचआर

नमस्कार मंडळी. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, सातारा, जिकडं बघाल तिकडं एमआयडीसीत गेटवर ब्रेथ ॲनालायझर आलाय. पुढची कारवाई मात्र सिक्युरिटीनं फुंकायला लावलं, आकडा आला, घरी पाठवला, दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र, एवढ्यावरच उरकली जाते. मग वर्ष-दोन वर्षांनी कोर्टात सगळं उलटतं.

चर्चेला एक नमुना धरू. १४० कामगारांची फाउंड्री, युनियन आहे, शिफ्ट ७-३, ३-११, ११-७. इंडक्शन फर्नेसचा (धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचा) ऑपरेटर सकाळी पावणेसातला गेटवर आला, मशीनवर ३८ आलं. तो म्हणतो, "रात्री घेतली होती, आता काही नाही." इथून बडतर्फीपर्यंत जायचं असेल, किंवा जायचं नसेल, तर कुठल्या पायरीवर काय हवं? जाणकारांनी नेमकं लिहावं. 'समुपदेशन करा' एवढंच लिहू नये, ही विनंती.

सेफ्टी_वाला

आधी एक सांगा साहेब, ३८ म्हणजे ३८ काय?

बाजारातली मशीनं तीन-चार एककांत आकडा दाखवतात. तुमचे ३८ म्हणजे १०० मिली रक्तात ३८ मिलिग्रॅम असं धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. तीच टक्क्यात ०.०३०, आणि एक लिटर श्वासातल्या मिलिग्रॅममध्ये सुमारे ०.१४. रक्त आणि श्वास यांचं प्रमाण २१००:१ धरून हा हिशेब केलेला असतो. आता मशीन श्वासाच्या एककावर लावलेलं असेल, त्यावर ०.१४ आलं आणि गार्डनं रजिस्टरात '०.१४ टक्के' लिहिलं, तर कागदावर माणूस जवळजवळ पाचपट प्यायलेला दिसतो. बचाव पक्षाला एवढं सापडलं की बाकीचं रजिस्टरही कुणी मानत नाही. मशीनची सेटिंग एकदाच ठरवून लॉक करा आणि रजिस्टरच्या रकान्यावर एकक छापूनच घ्या.

दुसरा मुद्दा सेन्सरचा. स्वस्तातलं मशीन सेमीकंडक्टर सेन्सरचं असतं. ते थिनर, ॲसिटोन, पेंट शॉपची वाफ, सगळ्यालाच दारू समजतं. कारवाई करायची असेल तर फ्युएल सेलचंच मशीन घ्या, प्रिंटर आणि अनुक्रमांकासह. कॅलिब्रेशन उत्पादकानं सांगितलेल्या मुदतीत करायचं, बहुतेकांचं सहा महिन्यांनी असतं. प्रमाणपत्राची तारीख चाचणीच्या आधीची हवी. नंतर घाईनं करून आणलेलं प्रमाणपत्र उलट अंगावर येतं.

तिसरी गोष्ट हवेची. प्रत्येक चाचणीआधी ब्लँक टेस्ट, म्हणजे नुसत्या हवेचा आकडा ०.००० यायला हवा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीशेजारचं गेट असेल, किंवा केबिनमध्ये आत्ताच सॅनिटायझर चोळलेला असेल, तर तिथली हवाच पॉझिटिव्ह येते. गार्डनं हाताला सॅनिटायझर लावून लगेच मशीन पुढं धरणं ही नेहमीची चूक.

आणि सर्वांत महत्त्वाचं, १५ मिनिटं. तोंडातली दारू आणि रक्तातली दारू यातला फरक मशीनला कळत नाही. माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, नुकताच आलेला करपट ढेकर, कशानंही पहिला आकडा फुगतो. साध्या पाण्यानं चूळ, मग १५ मिनिटं नजरेसमोर बसवायचं. पाणी, तंबाखू, मावा, बिडी काही नाही. त्यानंतर नवीन माउथपीस लावून दुसरी चाचणी. तोंडातलीच असेल तर आकडा धाडकन शून्याकडं येतो. रक्तातली असेल तर पाव तासात तीन-चार मिलिग्रॅमच उतरतो. दोन्ही प्रिंट जोडा. एकाच फुंकेवरची कारवाई मी तरी कच्ची मानतो.

तासगावकर

आमच्याकडं निम्मं गाव द्राक्षासव घेतं. त्यानं पॉझिटिव्ह येतं का ओ? आरोपपत्राच्या खुलाशात हमखास हेच लिहिलेलं असतं.

डॉ_मिरज

येतं, पण थोडाच वेळ. आसव-अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं. १० टक्के धरा. २० मिली घेतलं तर शुद्ध मद्य दीड ग्रॅमच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलीला जेमतेम ३ मिलिग्रॅम होतं. घेतल्या घेतल्या फुंकलं तर आकडा वाट्टेल तेवढा येईल, पण १५ मिनिटांनंतरच्या दुसऱ्या चाचणीत ३८ हे आसवानं होत नाही.

आता 'रात्री घेतली होती' याचा हिशेब. देशी असो की व्हिस्की, आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्य. सत्तर किलोच्या पुरुषात ते साधारण १२५ ते १३० पर्यंत चढतं, पंचावन्न किलोच्या माणसात १६० च्या पुढं. यकृत तासाला साधारण १५ उतरवतं, माणसागणिक १० ते २०. रात्री अकराला बाटली संपवली आणि सकाळी सातला मोजलं, तर पहिला जवळजवळ शून्यावर आलेला असतो आणि दुसरा अजून चाळिशीत. म्हणजे ऑपरेटर खोटं बोलतोय असं नाही. 'रात्रीची' दारू सकाळी रक्तात असते, एवढंच. ताक, लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. हे पोस्टर कँटीनमध्ये लावलं तरी निम्म्या केसेस कमी होतील.

लाल_बावटा

डॉक्टरसाहेबांचा हिशेब मान्य. पण ही फुंकर फक्त कामगारांच्याच गेटवर का? स्टाफची गाडी सरळ आत जाते. धोरणात 'सर्व कर्मचारी' लिहायचं आणि मशीन एकाच गेटवर ठेवायचं, हा भेदभाव उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत निघतो. आणि 'रँडम' म्हणून रोज त्याच चौघांना बाजूला घेतलं तर ते रँडम राहत नाही, डूख धरणं होतं. टोकन नंबरच्या चिठ्ठ्या काढा नाहीतर संगणकाची यादी काढा, आणि ती यादी जपून ठेवा. शंभर टक्के लोकांची पॅसिव्ह मोडवर, माउथपीस न लावता चाचणी घेतली तर वादच नको. लाल दिवा लागेल त्याचीच पुढची.

कुपवाड_एचआर

मुद्दा रास्त आहे, नोंद घेतली. कायद्याच्या बाजूनं कुणी लिहील का? ३० च्या आत आला तर काय, आणि आमचं धोरण 'शून्य' असेल तर काय?

कायदेबाज

थोडं लांब होईल.

३० ही रस्त्यावरच्या चालकाची मर्यादा आहे, फाउंड्रीची नाही. मालकाला शून्य ठरवता येतं, विशेषतः फर्नेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस, बॉयलर अशा जागांवर. पण ते कुठं तरी लेखी आणि रीतसर असायला हवं. आदर्श स्थायी आदेशातलं (सरकारनं घालून दिलेल्या नमुना सेवानियमांतलं) गैरवर्तन आहे आस्थापनेच्या आवारात नशेत असणं आणि दंगामस्ती, असभ्य वर्तन. 'मशीनवर १२ आलं' हे त्यात आपोआप बसत नाही. १२ वाला माणूस सरळ चालतो, सरळ बोलतो. त्याला नशेत म्हणून बडतर्फ केलं तर आरोपच सिद्ध होत नाही. शून्य धोरण हवं असेल तर तसा वेगळा नियम करा: 'चाचणीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मद्यांश आढळणे' आणि 'चाचणीस विनाकारण नकार देणे' ही दोन स्वतंत्र गैरवर्तनं.

हा नियम नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवून होत नाही. शिस्तीचे नवे नियम आणणं हा सेवाशर्तीतला बदल आहे आणि त्याला २१ दिवसांची नोटीस लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच तरतूद आहे. संहितेत स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० कामगारांपासून लागू होतं. म्हणून १४० च्या कारखान्यात युनियनबरोबरच्या करारात कलम घालणं आणि नियुक्तिपत्रात उल्लेख करणं हा सर्वांत भक्कम रस्ता. करारात आलं की 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचावच उरत नाही.

आता पुरावा. १९७१ च्या बच्चूभाई करयाणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तोंडाला वास, चाल अडखळती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठरत नाही, कारण रक्त किंवा लघवीची तपासणीच झाली नव्हती. कामगारांचे वकील हा निकाल हमखास काढतात. पण तो फौजदारी खटला होता. खात्यांतर्गत चौकशीत 'संशयातीत' पुरावा लागत नाही, शक्यतेचा तोल, म्हणजे कुठली बाजू जास्त खरी वाटते, एवढं पुरतं. १९७७ च्या रतन सिंग प्रकरणात (हरियाणाचा बस कंडक्टर) न्यायालयानं स्पष्ट केलं की पुरावा कायद्याचे कडक नियम घरगुती चौकशीला लागत नाहीत, पण काहीतरी पुरावा हवा. तो 'काहीतरी' म्हणजे दोन प्रिंट, निरीक्षण तक्ता आणि दोन साक्षीदार. रक्ताचा रिपोर्ट जोडला तर प्रश्नच मिटला.

डॉ_मिरज

रक्ताबद्दल. सिव्हिलला पाठवताना पत्रावर वेळ टाका आणि सोबत माणूस द्या. नमुना घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नाही, साबण-पाणी किंवा बिटाडिन वापरायचं. नळी राखाडी टोपणाची, म्हणजे सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटवाली, नाहीतर नमुना उभ्या उभ्या बदलतो. नळीवर सील, दोघांच्या सह्या, हातोहात कुणाकडून कुणाकडं गेली त्याची नोंद. उशीर केलात तर दर तासाला १५ नं तुमचाच पुरावा उतरत जातो. ३८ वाला साडेनऊला शून्यावर आलेला असेल.

सुपरवायझर मंडळींसाठी एक गोष्ट ठळक करतो. झोकांड्या, अडखळतं बोलणं, घाम हे साखर उतरल्याचंही लक्षण आहे. फर्स्ट एड रूममध्ये ग्लुकोमीटर ठेवा आणि आधी बोट टोचा. डोक्याला मार, अर्धांगवायूची सुरुवात, हेही तसंच दिसतं. आणि थरथरणारे हात म्हणजे प्यायलेला असं नाही, उलट रोजची सुटल्याचं ते लक्षण असतं. थरथर शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत सुरू होते, झटके दोन दिवसांत येऊ शकतात. मशीनवर शून्य आणि हात थरथरतायत, असा माणूस फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर सर्वांत धोक्याचा. त्याला आरोपपत्र नाही, डॉक्टर लागतो.

शिफ्ट_इन्चार्ज

गांजाच्या चाचणीचं काय? किट पाचशेला मिळतंय म्हणून काही ठिकाणी सुरू केलंय.

डॉ_मिरज

पाचशेच्या किटवर कुणाची नोकरी घालवू नका. ती फक्त चाळणी आहे. परदेशात वाहतूक क्षेत्रात जी पद्धत आहे तिच्यात गांजासाठी पहिली चाळणी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीवर आणि पक्की तपासणी १५ वर, तीही जीसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या नेमक्या पद्धतीनं. नमुना ४५ मिली, ३० आणि १५ असे दोन भाग. दुसरा भाग सीलबंद, कर्मचाऱ्यानं मागितला तर दुसऱ्या लॅबला. चार मिनिटांच्या आत लघवीचं तापमान ३२ ते ३८ अंशांत हवं, नाहीतर खिशातली बाटली ओतलीय असं समजायचं. क्रिएटिनीन २० च्या खाली म्हणजे नमुना पातळ.

गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडे सापडतो. म्हणजे पॉझिटिव्ह आला तरी तो शिफ्टमध्ये नशेत होता हे सिद्ध होत नाही. महाशिवरात्रीची भांग अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, पण किटवर गांजाच दिसते. कोडीनच्या खोकल्याच्या औषधानं अफूचा रकाना पॉझिटिव्ह येतो. झोपेच्या काही गोळ्यांनी त्यांचा वेगळा रकाना पॉझिटिव्ह येतो. आणि दिवाळीत अनारशावरच्या खसखशीनंही स्वस्त किटवर ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा असेल तर अफूचा रकाना पॉझिटिव्ह येऊ शकतो, अमेरिकेत ती मर्यादा २००० केली ती खसखशीमुळंच. चाचणीआधी 'गेल्या काही दिवसांत घेतलेली औषधं' हा कागद भरून घ्या आणि तो डॉक्टरकडंच ठेवा, टाइम ऑफिसात नको.

कृष्णाकाठ

अनारशावरून नोकरी जायची म्हणजे कमाल झाली 😄

शिफ्ट_इन्चार्ज

आणि ठेकेदाराचा माणूस असेल तर? आमच्याकडं फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) सगळे ठेक्याचेच.

कायदेबाज

कंपनीनं त्याला आरोपपत्र द्यायचं नाही, निलंबन नाही, काही नाही. आवारात घ्यायचं नाही, गेट पास थांबवायचा आणि ठेकेदाराला लेखी कळवायचं. शिस्तीची कारवाई त्याची. कंपनीच्या लेटरहेडवर आरोपपत्र दिलंत की 'खरा मालक कंपनीच' या दाव्याला तुमच्याच सहीचा पुरावा मिळतो.

कायमच्या कामगाराच्या चौकशीत लोक कुठं घसरतात ते लिहितो. आरोपपत्रात 'दारू पिऊन आला' एवढंच नको. तारीख, वेळ, जागा, दोन्ही आकडे एककासह, मशीनचा क्रमांक, दिसलेली लक्षणं, साक्षीदारांची नावं आणि कुठलं कलम, हे सगळं हवं. जागा महत्त्वाची, कारण गैरवर्तन 'आवारात' आहे. गेटबाहेर रस्त्यावर चाचणी घेतली तर आवार कुठलं? केबिन कुंपणाच्या आत असल्याचं लिहा. शून्य धोरणाचा आरोप आणि नशेत असण्याचा आरोप वेगवेगळे मांडा. एक पडला तरी दुसरा उभा राहतो.

खुलाशाला मुदत द्या. चौकशी अधिकारी असा हवा जो त्या सकाळी गेटवर नव्हता. गार्ड आणि इन्चार्ज यांना प्रत्यक्ष बोलवा, नुसता लेखी रिपोर्ट जोडून भागत नाही, उलटतपासणीची संधी द्यावीच लागते. कामकाज मराठीत, प्रत्येक पानावर सही, त्यानं नाकारली तर तसा शेरा. अहवालाची प्रत देऊन मगच शिक्षेबद्दल विचारायचं, हे १९९३ च्या करुणाकर निकालापासून पक्कं आहे. निलंबन केलं असेल तर निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस ५० टक्के, पुढं उशीर कामगारामुळं नसेल तर ७५. भत्ता थकवून चालवलेली चौकशी हमखास अडचणीत येते.

शिक्षेचं प्रमाण हा शेवटचा सापळा. १९९२ च्या पंजाबच्या कॉन्स्टेबल राम सिंग प्रकरणात एकाच प्रसंगावर बडतर्फी टिकली, कारण कामावर असताना भरपूर प्यायलेला आणि कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर. फर्नेसवाल्याची तुलना तिथं करता येते. स्टोअरमधल्या लिपिकाची नाही. बारा वर्षं स्वच्छ रेकॉर्ड असलेल्याला ३८ वर पहिल्याच वेळी काढलंत, तर एमआरटीयू-पीयूएलपी कायद्याच्या (महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा) चौथ्या अनुसूचीतलं पहिलंच कलम आहे, गुन्ह्याच्या मानानं धक्कादायक शिक्षा. ९० दिवसांत सांगलीच्या कामगार न्यायालयात तक्रार येते. उलट पूर्वीचं रेकॉर्ड खराब असेल तर ते दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीत लिहा. आदेशात अचानक काढलं तर चालत नाही. भारत फोर्जच्या झोपलेल्या कामगाराची बडतर्फी २००५ मध्ये टिकली त्यात आधीच्या शिक्षांचा मोठा वाटा होता.

आणि ग्रॅच्युइटी. नशेत सापडला म्हणून ती आपोआप जप्त होत नाही. दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असं काही लागतं. नुकसान केलं असेल तर नुकसानीपुरतीच.

सातारी_कंदी

बडतर्फीशिवायचा रस्ता कुणीच लिहिला नाही म्हणून लिहितो. पहिल्या वेळी, अपघात नसेल तर, 'शेवटची संधी' करार. व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात परिवर्तन आहे, पुण्यात मुक्तांगण आहे, एए च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) बैठका मोफत असतात. करारात उपचाराचा कालावधी, त्या काळातली रजा कुठल्या खात्यातून, परतल्यावर किती महिने आगाऊ न कळवता चाचणी, आणि पुन्हा पॉझिटिव्ह आल्यास कोणती शिक्षा, हे आकड्यानिशी लिहा. परतल्यावर लगेच फर्नेसवर नको, काही काळ साध्या जागेवर. पगार मात्र तोच ठेवा, नाहीतर उपचाराला कुणी पुढं येणार नाही. डायसल्फिरामच्या (दारू सोडवण्यासाठी देतात त्या) गोळीवर असलेल्या माणसाला थिनर-स्पिरिटच्या कामावर घालू नका. वासानंही त्याला त्रास होऊ शकतो.

लाल_बावटा

ह्या कराराबरोबर बिनतारखेचा राजीनामा लिहून घेतात, तेही लिहा की दादा. तो कागद कोर्टात मालकाच्याच गळ्यात येतो. करारावर युनियनच्या प्रतिनिधीची सही असेल तर आम्हीही त्याच्यामागं उभे राहतो.

सेफ्टी_वाला

पॉझिटिव्ह माणसाला 'जा घरी' म्हणून त्याच्याच मोटारसायकलवर सोडायचं नाही. चावी जमा, घरी फोन, कंपनीची गाडी, सोडल्याची वेळ आणि घेणाऱ्याची सही. मिरज रस्त्यावर काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हाला येईल, कारण तो प्यायलाय हे तुम्हाला लेखी माहीत होतं.

कुपवाड_एचआर

सर्वांचे आभार. निरीक्षण तक्त्याचे रकाने असे करतोय: नाव, टोकन, जागा, आल्याची वेळ, ब्लँक आकडा, पहिला आकडा व वेळ, चूळ दिल्याची वेळ, दुसरा आकडा व वेळ, एकक (छापील), मशीन क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, साखर, डोळे, बोलणं, चाल, वास, घेतलेली औषधं डॉक्टरला सांगितली का, नकार असल्यास त्याचे शब्द, दोन साक्षीदार, घरी सोडल्याची नोंद. काही राहिलं?

सेफ्टी_वाला

घड्याळ. मशीनच्या प्रिंटवरची वेळ, पंचिंगची वेळ आणि गार्डच्या रजिस्टरातली वेळ तीन ठिकाणी तीन निघतात. प्रिंटवर ६:३८ आणि पंच ६:४९ असेल तर माणूस यायच्या आधीच त्याची चाचणी झाली असं दिसतं. दर सोमवारी तिन्ही घड्याळं जुळवायची आणि जुळवल्याची सही त्याच रजिस्टरात.

लाल_बावटा

ती सही आमच्या माणसाचीही घ्या.